लोणावळा-मावळातला साहसी खेळांचा धंदा: रील, गूगल मॅप की व्हॉट्सअ‍ॅप, गिऱ्हाईक नेमकं येतं कुठून?

इन्स्टाग्रामवर ‘लोणावळा’ एवढंच टाकून सर्च करा. टायगर पॉइंटचं धुकं, भुशी धरणाच्या पायऱ्यांवरची गर्दी, पवनेच्या काठावरचे तंबू, कामशेतच्या डोंगरावरून उडालेला रंगीत ग्लायडर. अंगठा दुखेल, पण रील संपणार नाहीत.

आता गूगल मॅप उघडा आणि ‘पॅराग्लायडिंग कामशेत’ असं टाका. इथे गाणी नाहीत, स्लो मोशन नाही. धंद्याचं नाव, तारे, फोनचं बटण, वेळ आणि लोकांनी लिहिलेले बरे-वाईट रिव्ह्यू, एवढंच.

माझं सरळ मत सांगतो. रील बघून लोक ‘अरे, इथे जायचंय’ असं ठरवतात. पण ‘या माणसाला पैसे द्यायचे का’ हे ते दुसऱ्या ठिकाणी ठरवतात. मावळात कॅम्प, ट्रेक, रॅपलिंग, पॅराग्लायडिंग असं काही चालवणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या ठिकाणी जीव ओततात आणि दुसरं ठिकाण वाऱ्यावर सोडतात. तुमच्या घरात, मित्रांमध्ये कोणाचा असा धंदा असेल आणि ‘तुला मोबाईलचं कळतं ना, तू बघ जरा’ म्हणून काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. कॅम्पला जाणारे असाल तरी वाचा, कारण कोणाला अ‍ॅडव्हान्स पाठवायचा आणि कोणाला नाही हेही यातून कळेल.

एकाच तालुक्यात दोन टोकं

मावळ तालुक्यात खेळाचा धंदा म्हटलं की एका टोकाला गहुंजेचं एमसीए स्टेडियम आहे. २०२३ च्या वर्ल्डकपचे पाच सामने इथे झाले. त्यातल्या १९ ऑक्टोबरच्या भारत-बांगलादेश सामन्यात विराट कोहलीने शतक ठोकलं. या टोकाला मार्केटिंग म्हणजे मोठी टीम, स्पॉन्सर आणि तिकिटाची अ‍ॅप्स.

तरी इथला एक किस्सा छोट्या धंद्यालाही उपयोगी आहे. एप्रिल २०१८ मध्ये कावेरी पाणीवाटपाच्या आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने चेन्नईतून हलवून गहुंजेला आणले गेले. टीमचं मैदानच हजार किलोमीटरवर गेलं. तेव्हा त्यांनी चेन्नईहून पुण्याला खास रेल्वे सोडली, ‘व्हिसलपोडू एक्स्प्रेस’, आणि सुमारे हजार चाहते पिवळे टीशर्ट घालून इथे आले. या ट्रेनचे फोटो आणि व्हिडिओ त्यानंतर सगळ्या सोशल मीडियावर फिरले. क्रम लक्षात घ्या. आधी नेहमीच्या माणसांची सोय केली आणि पोस्ट त्यातून आपोआप मिळाल्या. उलटं करून बघा, जमत नाही.

दुसऱ्या टोकाला कामशेत आहे. पुणे-लोणावळा लोकलवरचं छोटं स्टेशन, लोणावळ्यापासून साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. इथे निर्वाणा, टेंपल पायलट्स, इंडस अशा पॅराग्लायडिंग शाळांमुळे देशभरातले लोक उडायला शिकायला येतात. आजूबाजूला पवना धरणाचा जलाशय, लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग, राजमाची, नागफणीचा कडा. लोहगड तर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून निवडलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. म्हणजे गिऱ्हाईक कमी पडेल अशी भीती इथे कोणालाच नाही. अडचण वेगळीच आहे.

तुम्ही विकताय काय? वारा

पॅराग्लायडर समोरून येणाऱ्या वाऱ्यात उडतो. डोंगराचा जो उतार वाऱ्याकडे तोंड करून असेल तिथूनच टेक-ऑफ करता येतो. वारा कमी असला तर उड्डाण नाही, जास्त असला तरी नाही, उलट्या दिशेने असला तर अजिबात नाही. पावसाळ्यात सगळं बंद. साधारण ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंतचा हंगाम, आणि त्यातही दिवसाचे ठरावीक तास.

म्हणजे दिवसाला टँडम उड्डाणं होणार मोजकीच. टँडम म्हणजे पायलटसोबत बांधून नेलेला पाहुणा. शनिवार-रविवारी मागणी इतकी की लोकांना परत पाठवावं लागतं, आणि मंगळवारी छान वारा असूनही पायलट चहा पीत बसलेला. मंगळवारचं रिकामं उड्डाण फ्रीजमध्ये ठेवून शनिवारी विकता येत नाही. तंबूचंही तेच आणि ट्रेकच्या बसमधल्या सीटचंही तेच.

त्यामुळे या धंद्यात मार्केटिंगचं काम ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचणं’ हे नाहीच. रविवारच्या दहा लोकांपैकी तिघांना मंगळवारी आणणं, आणि वारा पडला म्हणून परत गेलेल्या माणसाला पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला लावणं, हे खरं काम आहे. आता प्रत्येक टूल याच नजरेने बघू.

गूगल बिझनेस प्रोफाइल: फुकट आहे, म्हणून कोणी लक्ष देत नाही

मॅपवर तुमचं दुकान दिसतं ती म्हणजे बिझनेस प्रोफाइल. आधी याचं नाव गूगल माय बिझनेस होतं, २०२१ च्या शेवटी बदललं. वेगळं अ‍ॅपही आता राहिलं नाही. तुमच्या जीमेलवरून लॉग-इन करून गूगल सर्च किंवा मॅपमध्ये स्वतःच्या धंद्याचं नाव टाकलं की तिथेच एडिटचे पर्याय येतात.

कोणाला वर दाखवायचं हे गूगल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरवतं आणि हे त्यांनी स्वतःच सांगितलंय: माणूस जे शोधतोय त्याच्याशी तुमचा धंदा किती जुळतो, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती प्रसिद्ध आहे. पैसे देऊन हा साधा क्रम वर नेता येत नाही. ‘सर, तुम्हाला गूगलवर एक नंबरला आणतो’ असा फोन आला तर नमस्कार करून ठेवून द्या.

समजा, तुमच्या मावसभावाचं कामशेतजवळ पॅराग्लायडिंगचं काम आहे. प्रोफाइल बनवताना पहिली चूक होते ती नावात. बोर्डावर जे नाव आहे तेच लिहायचं. ‘बेस्ट चीप पॅराग्लायडिंग लोणावळा कामशेत पवना’ असली आगगाडी नावात जोडली की गूगलच्या नियमात बसत नाही आणि प्रोफाइल बंद पडू शकते. लोणावळा हा शब्द हवाच असेल, कारण मुंबईच्या माणसाला कामशेत माहीत नसतं, तर तो खालच्या माहितीत लिहा: ‘लोणावळ्याहून पंधरा-सोळा किलोमीटर, कामशेत स्टेशनजवळ’. खरं आहे, कामाचं आहे आणि सर्चमध्येही सापडतं.

दुसरी गोष्ट पिन. मावळात हा मोठा घोटाळा होतो. पाहुण्यांना भेटायची जागा गावात आणि टेक-ऑफचा डोंगर पाच किलोमीटरवर. पिन डोंगरावर टाकली तर मॅप लोकांना कुठल्या तरी बैलगाडीच्या वाटेवर नेऊन सोडतो आणि मग चिडलेला फोन येतो. पिन नेहमी भेटायच्या जागेवर. घरातूनच ट्रेक आयोजित करत असाल, ऑफिस नसेल, तर घराचा पत्ता लपवून फक्त ‘सेवा क्षेत्र’ दाखवायचा पर्याय आहे, तो घ्या.

व्हेरिफिकेशनसाठी आता बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. बोर्ड, आजूबाजूचा रस्ता, तुमचं सामान आणि तिथे तुमचा ताबा आहे हे एकाच सलग व्हिडिओत दाखवायचं. ग्लायडरची बॅग, हार्नेस, हेल्मेट, ऑफिसचं कुलूप उघडताना, असं शूट करा.

आणि वेळा. पावसाळ्यात उड्डाणं बंद असतील तर प्रोफाइलवर ‘तात्पुरतं बंद’ करता येतं. बरेच जण करत नाहीत. मग जुलैत कोणीतरी मुंबईहून भिजत येतो, गेट बंद दिसतं आणि एक तारा देऊन जातो. तो एक तारा पुढची दोन-तीन वर्षं तिथेच बसलेला असतो.

*रिव्ह्यू मागायचे कसे?*

सगळ्यांकडे मागायचे. उड्डाण झालं, माणूस खाली उतरला, हात थरथरतायत, चेहऱ्यावर हसू आहे. त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रिव्ह्यूची लिंक पाठवा. ही लिंक आणि क्यूआर कोड प्रोफाइलमध्येच तयार मिळतात. पण ‘पाच स्टार द्या, शंभर रुपये कमी करतो’ असं करू नका. बक्षीस देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमाविरुद्ध आहे. फक्त खूश दिसणाऱ्यांनाच मागणं आणि बाकीच्यांना टाळणं हेसुद्धा.

वाईट रिव्ह्यू आला की लगेच भांडायला बसू नका. समजा कोणी लिहिलं: ‘दोन तास थांबवलं, शेवटी उडवलंच नाही, फालतू’. याचं उत्तर तो एक माणूस वाचेल न वाचेल, पण पुढे येणारे शेकडो जण वाचतील. म्हणून उत्तर त्यांच्यासाठी लिहायचं. ‘त्या दिवशी दुपारनंतर वाऱ्याचा वेग सुरक्षित मर्यादेपेक्षा जास्त होता, म्हणून सगळी उड्डाणं थांबवली. तुमचे पूर्ण पैसे परत केले आहेत किंवा पुढची तारीख देऊ.’ बस. मला स्वतःला असं उत्तर असलेला दोन ताऱ्यांचा रिव्ह्यू पन्नास कोरड्या पाच ताऱ्यांपेक्षा जास्त धीर देतो. वारा नसताना नाही म्हणणारा माणूस सापडला ना!

आणखी एक काम, आठवड्यातून एकदा तरी. मॅपवर कोणीही ‘बदल सुचवा’ करून तुमचा फोन नंबर किंवा वेळ बदलण्याची सूचना देऊ शकतो. स्वतःची प्रोफाइल गिऱ्हाईक म्हणून उघडून नंबर आपलाच आहे ना हे बघा. आणि जुनी फुकट वेबसाइट, जी गूगल बिझनेस प्रोफाइलमधूनच बनायची, ती सेवा मार्च २०२४ मध्ये बंद झाली. व्हिजिटिंग कार्डवर किंवा बॅनरवर ती लिंक अजून असेल तर ती मेलेली आहे.

रील: काय दाखवायचं आणि काय नाही

टिकटॉकवर जून २०२० च्या शेवटी बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील आणलं. तेव्हापासून लोणावळ्याचं धुकं सगळ्यांनी इतक्या वेळा शूट केलंय की धुक्यालाही लाज वाटत असेल. तसंच रील तुम्ही टाकलंत तर ते दिसेल, पण तुमचं म्हणून लक्षात राहणार नाही.

त्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या मनात जे प्रश्न असतात ते दाखवा. वजन किती चालतं? चष्मा घालून उडता येतं का? डोंगरावर गाडी जाते की चालावं लागतं? उतरताना पाय कसे ठेवायचे? आई घाबरते, तिला काय सांगू? एक प्रश्न, तीस सेकंद, मराठीत, पायलट स्वतः बोलतोय. असे व्हिडिओ लोक ‘हे बघ’ म्हणून ग्रुपवर एकमेकांना पाठवतात. कॅम्प किंवा उड्डाण कोणी एकटा ठरवत नाही, चार मित्र मिळून ठरवतात. म्हणून लाईकपेक्षा तुमचं रील किती जणांनी पुढे पाठवलं हा आकडा इनसाइट्समध्ये जाऊन बघा. फॉलोअर्स कुठल्या शहरातले आहेत तेही तिथे दिसतं. पन्नास हजार व्ह्यूज आले आणि बघणारे बहुतेक दिल्ली-लखनौचे असतील, तर आनंद माना, पण गल्ल्याकडे बघू नका.

रद्द झालेल्या दिवसाचंही रील करा. वाऱ्याची पिशवी फडफडतेय आणि पायलट सांगतोय की आज का नाही उडणार. विश्वास वाढवायला याच्यापेक्षा स्वस्त जाहिरात नाही.

पाहुण्याचा ओरडतानाचा चेहरा मजेशीर असतो हे मान्य. पण टाकण्याआधी त्याला विचारा. बुकिंगच्या वेळीच ‘व्हिडिओ आमच्या पेजवर टाकला तर चालेल का’ असा हो-नाहीचा प्रश्न ठेवा. मुलं असतील तर आईवडिलांना विचारा.

इन्फ्लुएन्सरला फुकट उडवलं आणि त्याने रील टाकलं, तर ती जाहिरातच आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने याबद्दल स्पष्ट सूचना दिल्या. पैसे, फुकट सेवा, भेटवस्तू, काहीही घेतलं असेल तर ते ठळक आणि सोप्या भाषेत सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. ‘पेड पार्टनरशिप’चं लेबल लावायला दोन सेकंद लागतात.

ड्रोन शॉटचा मोह सगळ्यांना होतो. लोणावळ्यात नौदलाचा आयएनएस शिवाजी तळ आहे, हे विसरू नका. ड्रोन नियम २०२१ नुसार हवाई क्षेत्र हिरवं, पिवळं, लाल असं विभागलेलं आहे आणि लाल भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही. उडवण्याआधी सरकारी नकाशा उघडून आपली जागा कुठल्या रंगात आहे ते बघा. किल्ले आणि लेण्यांवर पुरातत्त्व खात्याची परवानगी ही वेगळी गोष्ट. आणि जिथे ग्लायडर उडतायत तिथे ड्रोन सोडणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा.

*आता जरा गंभीर*

३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात अचानक लोंढा आला आणि पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी जमावबंदीचे आदेश काढले, त्यात धोकादायक ठिकाणी सेल्फी आणि रील काढण्यावरही बंदी होती. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, याच तालुक्यात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. चौघांचा जीव गेला, पन्नासहून जास्त जखमी झाले. अशा वेळी कड्यावर, पाण्यात उतरतात ते शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकातले इथलेच तरुण.

याचा मार्केटिंगशी काय संबंध? आहे. खेळाच्या धंद्याचं पेज हे त्या भागातलं ‘माहितगार’ पेज असतं. तुम्ही एखाद्या अनोळखी ओढ्याचं लोकेशन टॅग करून ‘सीक्रेट स्पॉट’ लिहिलंत की पुढच्या रविवारी तिथे दोनशे माणसं येतात. त्यांच्यासोबत तुमचा गाइड नसतो, दोर नसतो, लाइफ जॅकेट नसतं. त्यातून तुम्हाला एक रुपया मिळत नाही. आणि दुर्घटना झाली की सगळ्या परिसरावर बंदी येते, त्यात तुमचा नीट चालणारा कॅम्पही अडकू शकतो. म्हणून नेमकं लोकेशन फक्त तुमच्या भेटायच्या जागेचं टाका. ओढे, कडे आणि धबधबे यांच्यासाठी ‘मावळ’ एवढं पुरे.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस: खरा गल्ला इथे

व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस अ‍ॅप जानेवारी २०१८ पासून फुकट मिळतं, तरी कितीतरी जण अजून साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर धंदा चालवतात आणि ‘रेट काय आहे’ला दिवसातून साठ वेळा टाईप करून उत्तर देतात. बिझनेस अ‍ॅपमध्ये ‘क्विक रिप्लाय’ आहे. ‘/दर’ टाकलं की पूर्ण दरपत्रक, ‘/रस्ता’ टाकलं की लोकल, बस आणि पिनची माहिती. कॅटलॉगमध्ये टँडम उड्डाण, दोन दिवसांचा कोर्स, कॅम्प हे वेगवेगळे टाका, किमतीसकट. किंमत लपवून ‘डीएम करा’ म्हणणारे का म्हणतात मला अजून कळलेलं नाही. माणूस विचारायला लाजतो आणि पुढच्या पेजवर जातो.

सगळ्यात उपयोगी म्हणजे लेबल. प्रत्येक चॅटला रंगीत लेबल लावता येतं. ‘रीलवरून’, ‘मॅपवरून’, ‘ओळखीतून’ अशी तीन लेबलं करा आणि पहिल्याच मेसेजमध्ये विचारा, ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ दोन महिन्यांनी मोजा. कुठल्या रस्त्याने लोक येतात आणि त्यातले किती खरंच पैसे भरतात, हे तुम्हाला तुमच्या धंद्यापुरतं कळेल. माझं मत चुकीचंही निघेल, हरकत नाही. आकडे तुमचे असतील.

अजून एक लेबल: ‘वाऱ्यामुळे राहिले’. ज्यांचं उड्डाण रद्द झालं ते सगळे यात. हे तुमचे सगळ्यात जवळचे गिऱ्हाईक, एकदा पैसे द्यायला तयार झालेलेच. सोमवारी रात्री अंदाज बघून यांनाच आधी मेसेज: ‘उद्या सकाळी वारा चांगला दिसतोय, चार जागा आहेत, येताय का?’ पुण्याच्या कॉलेजातली मुलं, घरून काम करणारे, सुट्टीवरचे लोक, यातून मंगळवारचा पायलट चहावरून उठतो.

यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरता येते. एका लिस्टमध्ये २५६ जण, आणि मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. म्हणून पैसे घेताना ‘नंबर सेव्ह करून ठेवा, वारा चांगला असला की कळवतो’ असं सांगायचं. कोणाचीही परवानगी न घेता शेकडो नंबरांना मेसेज मारलेत तर लोक ब्लॉक करतात आणि जास्त ब्लॉक झाले की नंबरच बंद पडतो. ज्या नंबरवर सगळा धंदा, तोच नंबर!

पैसे देऊन जाहिरात करायची का?

करायची, पण मोजून. आणि शनिवार भरलेलाच असेल तर शनिवारसाठी अजिबात नाही.

मेटाच्या जाहिरातीत नकाशावर पिन टाकून त्याभोवती ८० किलोमीटरपर्यंतचा गोल निवडता येतो. कामशेतवाल्याने पिन कामशेतवर टाकायची नाही. गिऱ्हाईक राहतं पिंपरी-चिंचवड, हिंजवडी, ठाणे, नवी मुंबईत. पिन तिथे टाका. आणि जाहिरातीचं बटण थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडेल असं ठेवा.

समजा तुम्ही ३,००० रुपये लावले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून झाले ३,५४०. साठ मेसेज आले, त्यातल्या बारा जणांनी बुकिंग केलं. म्हणजे एका बुकिंगला २९५ रुपये खर्च. आता बघा, एका उड्डाणामागे पायलट, गाडी, जेवण, ग्लायडरची झीज, सगळं वजा करून हातात किती राहतात? २९५ पेक्षा बरेच जास्त राहत असतील तर चालू ठेवा. नसतील तर बंद करा. ‘रीच वाढला’ हे उत्तर इथे चालत नाही. बुकिंग पोर्टलचं कमिशनही याच हिशोबात बसवून बघा. पोर्टलवरून आलेला माणूस दुसऱ्यांदा थेट तुमच्याकडे आला, की खरा फायदा तिथे सुरू होतो.

नोंदणी दाखवा, आणि गिऱ्हाईक असाल तर मागा

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले, सगळे उपक्रम त्यात येतात आणि आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. आश्चर्य म्हणजे ज्यांनी ही कटकट पूर्ण केलीय तेही ती दाखवत नाहीत! इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये फक्त इमोजी आणि ‘डीएम फॉर बुकिंग’. नोंदणी क्रमांक बायोमध्ये, गूगल प्रोफाइलच्या फोटोत, कॅटलॉगमध्ये टाका. पायलटचं प्रशिक्षण, विमा, प्रथमोपचाराची तयारी, सगळं. दुसऱ्याचे फोटो चोरून पेज बनवणं सोपं आहे. खरी कागदपत्रं दाखवणं त्याला जमत नाही.

चोरीचं म्हणाल तर पद्धत ठरलेली असते. खऱ्या कॅम्पचे फोटो, थोडं बदललेलं नाव, निम्मा दर, ‘फक्त दोन टेंट उरलेत’ आणि लगेच यूपीआयवर पूर्ण अ‍ॅडव्हान्स. गिऱ्हाईक म्हणून तुम्ही काय करायचं? इन्स्टावर दिसलेला नंबर गूगल मॅपवरच्या नंबरशी जुळवा. व्हिडिओ कॉल करून जागा दाखवायला सांगा. यूपीआय करताना स्क्रीनवर येणारं नाव धंद्याच्या नावाशी किंवा मालकाच्या नावाशी जुळतंय का बघा. ‘रिफंडसाठी पिन टाका’ असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबा, पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा, जितकं लवकर तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. आणि तुमच्याच धंद्याच्या नावाने कोणी खोटं पेज काढलं असेल तर ते रिपोर्ट करा आणि स्वतःच्या पेजवर ‘आमचा हा एकच नंबर’ असं पिन करून ठेवा.

टर्फ आणि टेनिस बॉलवाल्यांसाठी थोडं

तळेगाव, वडगाव, देहूरोडकडे डोंगर नाही तर टर्फ असेल तुमचा. तिथे वाऱ्याची भानगड नाही, पण दुपारचे रिकामे तास हाच प्रश्न. रात्री आठ ते अकरा मारामारी, दुपारी दोनला शुकशुकाट. दुपारचा दर वेगळा ठेवा आणि तो मॅपवरच्या पोस्टमध्ये लिहा. स्पर्धा भरवत असाल तर क्रिकहीरोजसारख्या अ‍ॅपवर स्कोअर ठेवा. प्रत्येक पोराला स्वतःचं स्कोअरकार्ड मिळतं, ते तो स्टेटसला लावतो आणि मैदानाचं नाव त्याच्यासोबत फिरतं. इथे तुम्ही एक पैसा खर्च केलेला नसतो.

पावसाळ्यात काय करायचं?

जून ते सप्टेंबर उड्डाणं बंद, पण मोबाईल बंद नाही. वर्षभराचे न दिलेले रिव्ह्यूचे रिप्लाय आता द्या. फोन गॅलरीतले फोटो निवडा, धुरकट असतील ते प्रोफाइलवरून काढा. लोक कुठले शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले हे बिझनेस प्रोफाइलच्या परफॉर्मन्समध्ये दिसतं, ती यादी बघा. त्यात ‘कॅम्पिंग’ जास्त असेल आणि तुम्ही फक्त उड्डाणच देत असाल, तर शेजारच्या कॅम्पवाल्याशी बोलायची वेळ झालीय. त्याच शब्दांवरून हंगामासाठी वीस प्रश्नांचे रील आधीच लिहून ठेवा. क्विक रिप्लायमधले दर नवे करा.

ऑक्टोबरमध्ये पहिला कोरडा वारा सुटला की सगळ्यांना पहिलं रील टाकायची घाई होते. त्याआधी मॅपवर जाऊन ‘तात्पुरतं बंद’ काढा, आणि ‘वाऱ्यामुळे राहिले’ लेबल उघडून वरून पहिल्या नावाला मेसेज करा.